तांडेलची घागर

आराकानच्या किनाऱ्यावर आमची पलटण पोहोचली ती महायुद्धातल्या एका हिवाळ्यात. मी हवालदार, राहणारा जामनेर तालुक्यातला. माझ्या सेक्शनमध्ये एरंडोलकडचा शिपाई सुकदेव होता आणि मालवणकडचा नाईक तांडेल. भुसावळहून गाडीने कलकत्ता, तिथून जहाजाने चटगाव. जहाजावर सुकदेव ओकून ओकून अर्धा झाला. तांडेल मात्र जिथे उतरू तिथली मासळी शोधायचा. कलकत्त्याला त्याने आम्हाला हिलसा खाऊ घातला, चटगावला सुकी कोळंबी. आणि दर वेळी म्हणायचा, हे काहीच नव्हे, कालवं खाल्ल्याशिवाय मरू नका. लढाईवर निघालेल्या माणसांना असं बोलू नये, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

आमचा मोर्चा एका खाडीच्या तोंडाशी होता. पलीकडच्या काठावर दाट तिवरांचं रान, आणि तिवरांमागे कुठेतरी जपानी. खाडीच्या मध्ये खडकांचं एक बेट होतं. ओहोटीला तिथे चालत जाता यायचं. त्या बेटावर वायरलेस सेट घेऊन बसायचं आणि शत्रूच्या होड्यांवर नजर ठेवायची, ही आमची त्या दिवसाची ड्युटी. उठून उभं राहायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. पाठीला सतत वाटायचं की कोणीतरी नेम धरून बसलंय.

दुपार कलल्यावर सेटवर सुभेदारसाहेब आले.

"ड्युटी संपली. पाणी चढायच्या आत परत या. ओव्हर."

"येतो साहेब. आउट."

तांडेलने पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, अजून वेळ आहे. हॅवरसॅकमधून त्याने रेशनची बिअरची बाटली काढली आणि एक लिंबू. मग चाकूने खडकावरची कालवं सोडवायला लागला. टोक फटीत घालायचं, मनगट फिरवायचं, की कवच उघडायचं. आत करड्या रंगाचं, थरथरणारं काहीतरी.

"हाई जित्तं शे का?" सुकदेवने विचारलं.

"जित्ताच खातत," तांडेल म्हणाला.

सुकदेवने डोळे मिटले आणि औषध घेतल्यासारखं गिळलं. मग म्हणाला, "भाऊ, बठ्ठा समुद्र तोंडमा उना!" मीही खाल्लं. खारट, गार, वर लिंबाची आंबट चव, आणि त्यावर कडू बिअरचा घोट. खरं सांगतो, साऱ्या लढाईत तेवढं चांगलं मी काही खाल्लं नाही. तोंड दाबून हसत होतो तिघेही.

"पाणी वळला," तांडेल अचानक म्हणाला. "चला."

सुकदेवने वरच्या अंगाला डोंगराकडे पाहिलं. मीही तिकडेच पाहिलं. आम्ही दोघं नदीकाठची माणसं. आमच्याकडे पाणी येतं ते वरून. वर आभाळ भरलं तर पूर, नाहीतर नदी कोरडी.

"आभाय कोरडं शे. पानी कोठेन ई?" सुकदेव म्हणाला.

"भरतीक ढग लागनत नाय," तांडेल म्हणाला आणि सेट उचलायला वळला.

तेवढ्यात सुकदेवला खडकांच्या फटीत एक मोठी गुळगुळीत शिंप दिसली. शिंप म्हणजे आमच्याकडे खायची वस्तू नव्हे, कैरी सोलायची. दगडावर घासून मधे भोक पाडलं की त्या धारेने साल निघते. त्याला ती आईसाठी हवी होती. तो खाली उतरला, शिंप खिशात घातली, आणि वर चढताना त्याचा बूट दोन खडकांमध्ये सरकला तो घट्ट अडकला. मी ओढलं. तांडेलने ओढलं. कालवांच्या कडा वस्तऱ्यासारख्या, सुकदेवची पोटरी सोलून निघाली. त्याने दात आवळले, आवाज केला नाही. पाणी आमच्या पाठीमागून, समुद्राकडून, गुपचूप येत होतं.

मी सेट घेतला.

"सुकदेवचा पाय अडकलाय. बोट पाठवा. ओव्हर."

"बोट उघड्यावर येईल. पाणी कुठवर? ओव्हर."

"त्याच्या कमरेला. ओव्हर."

"बोट निघाली. आउट."

तांडेल चाकू घेऊन पाण्याखाली गेला. बुटाचे बंद कापायचे होते, पण खाली गढूळ, सारं हाताने चाचपून. वर यायचा, श्वास घ्यायचा, परत जायचा. पाणी सुकदेवच्या छातीला आलं. मग गळ्याला. मी त्याची हनुवटी वर धरून उभा होतो.

"भाऊ, मायले सांगजो..."

"गप्प. तूच सांग."

बेटाच्या टोकाला वळसा घालून येणारी बोट दिसली, आणि तिवरांतून पहिली गोळी आली. आमच्या काठावरची ब्रेन गन लगेच सुरू झाली. त्या आवाजात सुकदेवचं अंग एकाएकी माझ्या हातात हलकं झालं. तांडेल वर आला.

"पाय सुटलो," एवढंच म्हणाला.

दुसरी गोळी तांडेलला लागली. मी एका हाताने सुकदेवला धरलं होतं, दुसरा हात पुढे केला. बोटं बोटांना लागली आणि निसटली. आम्ही ज्या बाजूला पूर शोधत होतो, त्याच बाजूला भरती त्याला घेऊन गेली. बोटीने आम्हा दोघांना उचललं. तांडेलला दोन दिवस शोधलं. तो सापडला नाही.

आता मी मेहरूणला राहतो. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुकदेवने मला गावी बोलावलं. तो लंगडतो, पण शेती करतो. त्याची आई ओट्यावर कैरी सोलत होती, त्याच शिंपीने. आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात, वर आंबा ठेवतात, आणि एकेकाचं नाव घेऊन उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढतात. म्हातारीने सासऱ्याचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं. मग दुसरी घागर पुढे ओढली आणि म्हणाली, "तांडेल."

भावकीतला एक म्हातारा दारात बसला होता. "अक्का, तो ना जातना, ना भावकीना. त्यानी घागर आपला घरमा?"

तिने बोट ओढून पूर्ण केलं. मग म्हणाली, "खारं पानी पिसन गया तो. त्याले गोडं पानी कोन दी?"

म्हातारा उठला. मला वाटलं, रागाने निघाला. त्याने पायातल्या वहाणा काढल्या, आत आला आणि तांडेलच्या घागरीला हात जोडले.