माप भरू द्या, मॅडम

गफ्फारभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी नांदेडला क्लासवर होते. फळ्यावर गणित अर्धं, समोर खच्चून भरलेला वर्ग. त्यांची मुलगी शबाना फोनवर एवढंच म्हणाली, "मॅडम, अब्बा गेले. अम्मीनं बिछाना परत अंगणात काढलाय." पहिलं वाक्य ऐकून मी मटकन खाली बसले आणि दुसरं ऐकून उठले. रडायचं मागून बघू म्हटलं आणि लातूरची एस.टी. धरली. या गोष्टीला आता दीड महिना होईल. तो बिछाना घरात न्यायला मला आणि गफ्फारभाईंना एकेकाळी वर्ष लागलं होतं, म्हणून हे लिहायला बसलेय.

लातूरला डाळमिलच्या मागच्या गल्लीत गफ्फारभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, दुकानामागेच घर. मी तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. नवी नोकरी, आणि अंगात शहाणपण जरा जास्तच. त्र्याण्णवचा भूकंप झाला, त्यात त्यांचं घर वाचलं, पण त्यांच्या बायकोची, झुबेदाभाभींची धाकटी बहीण किल्लारीकडच्या एका गावात ढिगाऱ्याखाली गेली. त्या दिवसापासून भाभी छताखाली यायला तयार नव्हत्या. डाळमिल सुरू झाली की त्यांच्या तळपायाला थरथर कळायची आणि त्या "जमीन हालायली" म्हणत पोरांना ओढून बाहेर काढायच्या. थंडी गेली, ऊन गेलं, पावसात पत्र्याचा मांडव घातला, तरी बाई आत यायच्या नाहीत. लोक म्हणायचे, डोक्यावर परिणाम झालाय. गफ्फारभाईंना ते भयंकर लागायचं. एक दिवस ते जुन्या स्पीकरचं चुंबक पिशवीत घालून माझ्या लॅबमध्ये आले आणि म्हणाले, "मॅडम, ती खोटं बोलत न्हाई. काहीतरी हालतंयच. जमीन हालते का भिंत, एवढंच सांगणारं यंत्र करू. उद्याचं कुणाला सांगता येत न्हाई, आत्ताचं तर सांगता येईल?"

स्प्रिंगला तारेचं वेटोळं टांगून, खाली चुंबक ठेवून त्यांनी दोन डबे केले. हादरा बसला की वेटोळं हालणार आणि तारेत बारीकशी वीज येणार. एक डबा अंगणात खोल पुरला, दुसरा भिंतीला ठोकला. ती वीज आकड्यांत बदलणारी चिप मी हैदराबादहून आणवली. चिप एकच, ती पाळीपाळीने दोन्ही तारा वाचायची, आणि कॉलेजातून बाद झालेल्या कॉम्प्युटरवर दोन रेघा उमटायच्या. वरची जमिनीची, खालची भिंतीची. चिप जळू नये या भीतीने मी दोन्ही वाटांवर वीज अडवणारे चांगले दणदणीत रेझिस्टर घातले. ते बघून गफ्फारभाई दबकत म्हणाले होते, एवढा अडसर कशाला... मी त्यांना गप्प केलं.

पहिल्याच दिवशी मिल सुरू झाली आणि दोन्ही रेघा थरथरल्या. भाभी पडद्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "मी सांगत नव्हते?" आणि गल्लीतल्या निम्म्या घरांनी त्या संध्याकाळी बिछाने बाहेर काढले. काय तोंड दाखवायचं आता! मी सगळं खापर गफ्फारभाईंवर फोडलं, तुमचे तारांचे सांधे कच्चे आहेत म्हटलं. त्यांनी सगळे सांधे उकलून पुन्हा भरले. रेघा तशाच. मग मी पुस्तकं मिटली आणि हा नाद सोडू या म्हणाले.

त्यांनी सोडला नाही. आठवड्याभराने मला बोलावून घेतलं. अंगणातल्या डब्याची तार त्यांनी काढून टाकली होती आणि त्या वाटेची दोन्ही टोकं एकमेकांना बांधली होती. म्हणजे जमिनीकडून काही येणंच शक्य नव्हतं. मिल सुरू झाली... आणि वरची रेघ थरथरली! गफ्फारभाईंनी मला मोंढ्यातलं, धान्यबाजारातलं उदाहरण दिलं. तुरीचं माप झटकलं नाही आणि त्यातच हरभरा घ्यायला लागलात, तर हरभऱ्यात तुरीचे दाणे निघणारच. चिपच्या पोटात एक चिमुकलं माप असतं, ते प्रत्येक तारेच्या विजेने भरून घेऊन ती मोजते. माझ्या रेझिस्टरमुळे धार इतकी बारीक झाली होती की माप रिकामं होऊन नव्याने भरायच्या आतच मोजलं जायचं. भिंतीची उरलेली थरथर जमिनीच्या नावावर पडत होती. चूक माझी होती, माझ्या भीतीची.

"लई घाई करून राहिले आपण," ते म्हणाले. "माप भरू द्या, मॅडम."

मग आम्ही ते रेझिस्टर काढले. प्रत्येक वाटेवर धार जोरकस करणारी एकेक आय.सी. बसवली, पुढे लहानसा रेझिस्टर आणि वीज साठवणारा छोटा कपॅसिटर, आणि एका तारेवरून दुसरीवर गेलं की क्षणभर थांबूनच वाचायचं असं प्रोग्रॅममध्ये घातलं. मिल सुरू झाली. खालची रेघ थरथरली, वरची सरळ. भाभींनी शबानाला पाठवून मिल तीनदा बंद-चालू करायला लावली. मिलवाले वैतागले, पण केली. मग भाभी जमिनीवर पाय घट्ट रोवून म्हणाल्या, "म्हणजे माझे पाय खरं बोलत होते?" गफ्फारभाई म्हणाले, "हाव. पाय खरेच बोलत होते. फक्त जमीन न्हाई, मिल हाय ती." वेडी ठरवलेली बाई त्या दिवशी स्वतःच्या हाताने गादी गुंडाळून आत गेली.

पुढे क्लासेसची लाट आली. मी कॉलेज सोडून नांदेडला गेले, भराभर उत्तरं काढायच्या युक्त्या शिकवू लागले. गफ्फारभाई एकदा तिकडे आले तेव्हा वर्गाच्या दारात उभे राहून ऐकत होते. जाताना एवढंच बोलले, की पोरं सवाल संपायच्या आधीच उत्तर देतात. मला राग आला. पण दुसऱ्या दिवसापासून मी प्रश्न वाचून झाल्यावर वर्गाला पेन खाली ठेवायला लावते, आजही.

तर त्या दिवशी लातूरला पोचले. पाहुण्यांच्या गर्दीत कुणीतरी यंत्राच्या तारा ओढून काढल्या होत्या. गफ्फारभाईंनी पुढे यंत्र जुन्या लॅपटॉपला जोडलं होतं, तो भाभींच्या उशाशी असायचा, आता बंद पडलेला. भाभी अंगणात. मी त्यांच्याशी दोन शब्द बोलले आणि सोल्डरिंग गन तापत ठेवली. दोन सांधे बिघडले, पुन्हा केले. भिंतीवरच्या डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी होती, त्यावर त्यांचं अक्षर, 'थांबून मोजा'. मिल सुरूच होती. रेघा उमटताच मी तोंड उघडलं, आणि मिटलं. थांबले. खालची थरथरत होती. वरची सरळ, एकदम सरळ.

"काय म्हणतात त्यांच्या रेघा?" भाभींनी अंगणातून विचारलं.

"मिल आहे, भाभी," मी म्हणाले. "जमीन गप आहे."

त्यांनी उशी काखेत मारली आणि गादीचं दुसरं टोक मला धरायला सांगितलं.