पुसायची राहिलेली कंपनी

आमचे हे पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवतात. यांचा एक नियम आहे: अर्थ कळल्याशिवाय शब्दाला ब्रश लावायचा नाही, लिहायलाही नाही आणि पुसायलाही नाही. गिऱ्हाईक पाटी मागतं, हे आधी त्याची उलटतपासणी घेतात.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की स्वतःच्या दुकानावर मात्र पंचवीस वर्षं 'पेंटर आणि कंपनी' अर्थ न विचारताच लिहिलेलं. कंपनी म्हणजे माझा भाऊ, दादा. आठ महिन्यांपूर्वी एका पाटीच्या निळ्या रंगावरून दोघांचं बिनसलं आणि दादा आपले ब्रश उचलून शेजारच्या गल्लीत गेला. बोलणं बंद. मी मध्ये पडले, तर दोघांनी मलाच गप्प केलं.

गेल्या सोमवारी हे म्हणाले, "'आणि कंपनी' पुसतो." ते दोन शब्द गेले की माझं माहेरच पुसलं जाणार होतं. यांनी शिडी लावली, पॉलिश पेपर घेतला, वर चढले, आणि नियम आठवून खाली उतरले. थेट ग्रंथालयात गेले.

परतले ते डोकं धरूनच.

"इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंचांचा आला लॅटिनमधून. त्यात 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव."

"पाव? आपला पाव?"

"तोच. तो पोर्तुगीजांच्या हातून आपल्याकडे आला. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, कंपनी म्हणजे मुळात सोबत पाव खाणारे."

"मग?"

"मग काय? पुसू की नको, तेच कळेना."

यात न कळण्यासारखं काय होतं? भांडण झालं, एकत्र खाणं संपलं. मी तसं म्हटलं, तर हे नजर चुकवायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सवयीने मी अजून दोघांचा डबा भरते, आणि तो रोज चाटूनपुसून परत येतो. यांची भूक तर चिमणीएवढी. आता डोकं धरायची पाळी माझी होती.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले. रंगाच्या पालथ्या डब्यांवर दोघं पाठीला पाठ लावून बसलेले, बाजूला माझा डबा. दादा मुकाट्याने पाव मोडत होता आणि अर्धा मागे सरकवत होता. आठ महिने हे असंच? रागवावं की रडावं, मला कळेना.

तेवढ्यात दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "भाजीत मीठ कमी आहे."

हे म्हणाले, "तुझ्याच बहिणीने केलीय."

जेवण झाल्यावर पाटीला अजून टेकलेली शिडी दादानेच आत आणून ठेवली.