खालच्या थरातला

शिवडीच्या एका गोदामात रविवारी दुपारी चारला शिरलो, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला मी एकटाच. लेक पंक बँडमध्ये गाते. गाते म्हणजे ओरडते. "पप्पा, टेन्शन घेणार असशील तर नको येऊस," असं तिने आधीच बजावलं होतं. मी कसला टेन्शन घेतोय, म्हणत इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

पहिल्याच गाण्याला पोरं-पोरी एकमेकांच्या अंगावर आदळू लागली. शब्द एक कळेल तर शपथ. कुणी पडलं की बाकीचे चटकन उचलत होते. तेवढ्यात लेक गाता गाता स्पीकरवर चढली. "आता उडी मारेल काका, आपण झेलायचं, मग हातोहात मागे द्यायचं," शेजारचा पोरगा माझ्या कानात ओरडला.

तरुणपणी मी लालबागच्या एका गोविंदा पथकात खालच्या थराला असायचो. तिथे नियम एकच: हनुवटी छातीला, हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर घट्ट, काही झालं तरी वर बघायचं नाही. एका वर्षी वरून माझा मित्र पडला. मी पाहिलं नाही, फक्त आवाज ऐकला. काळाचौकीच्या खोलीत तो अजून अंथरुणाला खिळून आहे.

लेकीचे पाय सुटले आणि माझी मान आपोआप खाली गेली. दोन्ही बाजूंच्या पोरांचे खांदे मी असे आवळले, की झेलायला वर गेलेले त्यांचे हात खाली आले. ती माझ्या पाठीवरून घसरून लादीवर आपटली. आवाज तोच होता.

बँड थांबला. चौघांनी तिला उभं केलं. कोपर चांगलंच सोललं होतं.

"घरी चल," मी म्हणालो. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"पप्पा, वर बघ ना. आणि हात वर ठेव," ती म्हणाली, आणि बया पुन्हा चढली!

मी मान वर केली, हात वर धरले, डोळे मिटले नाहीत. ती आली, घामाने निथळत, आणि तिचं निम्मं वजन माझ्या हातांवर पडलं. झेललं मी तिला. बाकीच्यांनी तिला मागे सरकवायला घेतलं, पण तिचा एक घोटा माझ्या मुठीत होता.

"काका, सोडा आता!" मागून सगळे ओरडत होते.

मला सोडवेना.