आत्याचा ओटीपी पेणला येतो

मोबाईल फोनला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण मोबाईल फोननेच जिला घाबरून असावं अशी जगाच्या पाठीवर एकच व्यक्ती आहे आणि ती रोह्याला राहते. ती माझी सख्खी आत्या. वय सत्तरीच्या आसपास. लहानपणी गोवर उठला त्यात तिचे डोळे गेले, आणि तेव्हापासून पापण्या मिटल्या त्या मिटलेल्याच आहेत. रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीत तिने तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली, त्यामुळे तिला दोन आवाज आहेत. एक घरातला, ज्यात 'नाय', 'हाय' आणि प्रामुख्याने माझा उद्धार असतो. दुसरा कंपनीचा, इतका गोड आणि शुद्ध की कानावर पडताच माणूस आपोआप शर्टाची बटणं नीट करतो. हा दुसरा आवाज ती जपून वापरते, समोरच्याचं काही खरं नसेल तेव्हाच. लग्न तिने केलं नाही. कुंडलिका नदीच्या जवळ दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहते, आणि ती तिथे मजेत राहते ही गोष्ट आमच्या सगळ्या खानदानाला आजवर पचलेली नाही.

आत्याच्या हातातला फोन पाहिला तर तो बंद आहे असंच वाटतं. पडदा ती कायम काळा करून ठेवते. "बघायला कोण हाय? उगाच बॅटरी खातो," असं तिचं म्हणणं. फोन तिला सगळं वाचून दाखवतो, पण ज्या वेगाने वाचतो तो वेग फक्त तिला आणि त्या फोनला समजतो. आपल्याला नुसत्या कढईत लाह्या फुटल्यासारखं ऐकू येतं. शेजारच्या वहिनींची पहिले सहा महिने अशी समजूत होती की म्हातारी बिघडलेला फोन कानाला लावून बसते. त्यांनी मला पेणला फोन करून दबक्या आवाजात विचारलंसुद्धा, "आत्यांना बरं हाय ना?" त्या वेळी आत्या त्यांच्याच मुलाच्या परीक्षेचं वेळापत्रक शोधून देत होती.

आमच्या घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप हे आत्याचं खास कुरण. तिथे रोज सकाळी गुलाबाची फुलं, उगवते सूर्य आणि सुविचार यांचा पाऊस पडतो, आणि आत्याचा फोन प्रत्येकाला इमानदारीने एकच शब्द म्हणतो: इमेज. मग आत्या पाठवणाऱ्याला फोन लावते. "काय पाठवलंस?" समोरचा म्हणतो, गुड मॉर्निंग. "ते झालं. त्यात काय हाय ते सांग. फूल हाय? कोणतं? किती पाकळ्या?" पहाटे सहाला फुलाच्या पाकळ्या मोजायला लागल्यापासून आमच्या घराण्यात शुभेच्छांचं प्रमाण बरंच आटोक्यात आलं आहे. पेणजवळच्या जोहे गावच्या चुलतभावाने मुलीच्या लग्नाची पत्रिका अशीच चित्र करून पाठवली. आत्या लग्नाला जायला तयारच होईना. "मला बोलावणं नाय. मला इमेज आली." शेवटी तो बिचारा गणपतीच्या कारखान्यातली कामं टाकून, अक्षता घेऊन, तीन गाड्या बदलून रोह्याला आला आणि ओट्यावर बसून अख्खी पत्रिका, प्रेषक, आपले विनीत, आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं, सगळं मोठ्याने वाचून गेला. आत्याने मधे दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं असंही तो सांगतो, पण ते ऐकून कसं सुधारता येतं हे मला अजून कळलेलं नाही.

तक्रार करणं हा तिचा निवृत्तीनंतरचा उद्योग. आंधळ्या माणसाला वापरता येत नाही असं एखादं ॲप सापडलं की तिचा दिवस कारणी लागतो. कोणा एका कंपनीला तिने लिहिलं होतं, "तुमच्या ॲपमध्ये सतरा बटणं आहेत आणि माझा फोन सगळ्यांचं नाव बटण असं सांगतो. आमच्या वाडीत चार गणपत होते, तरी आम्ही त्यांना ओळखायला पुढे काहीतरी लावत होतो. तुम्हालाही जमेल." कंपनीने तत्परतेने उत्तर दिलं. आपली तक्रार आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे, ती नोंदवण्यासाठी कृपया खालील चित्रातली वाकडी अक्षरं ओळखा. आत्या त्या दिवशी इतकी हसली की तिला ठसका लागला.

मध्यंतरी रोह्यात कोणा संस्थेने दिव्यांगांसाठी डिजिटल साक्षरतेचं शिबिर घेतलं. आयोजकांची तळमळ अशी की हॉल पहिल्या मजल्यावर घेतला होता, आणि लिफ्ट म्हणाल तर लवकरच बसणार होती. व्यासपीठावरचे साहेब "आता पडद्यावर तुम्हाला दिसतंच आहे" या वाक्याशिवाय एक पाऊल पुढे जात नव्हते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी माईक मोठा केला होता. खांब गावाहून तीनचाकी गाडीवर आलेला एक मोबाईल दुरुस्त करणारा गृहस्थ जिन्याखालीच अडकून बसला आहे असं कळल्यावर आत्या उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरली आणि पायरीवर बसकण मारून त्याच्याकडून स्वतःच्या फोनच्या तीन अडचणी सोडवून घेतल्या. अर्ध्या तासात निम्मं शिबिर खाली आलं. वरती साहेब पडद्याला उद्देशून बोलत राहिले. समारोपाला सगळ्यांना फ्रेम केलेली प्रमाणपत्रं मिळाली. आत्याने काचेवरून हात फिरवून विचारलं, "काय लिवलंय?" माझं म्हणाल तर मला दिसत होतं, पण तो सोनेरी वळणदार टाइप मलाही वाचता आला नाही.

हे सगळं मी चवीने सांगतो आहे, कारण यात दोष दुसऱ्यांचा आहे. आता माझ्यावर यायला हवं.

आत्याचं बँकेचं खातं नव्याने ऑनलाइन केलं तेव्हा मदतीला मी गेलो होतो. काउंटरवरच्या माणसाने "मोबाईल नंबर?" असं माझ्याकडे बघून विचारलं आणि मी माझा सांगितला. आत्या शेजारी उभी होती. तिच्या हातात तिचा फोन होता. त्याला वाटलं नाही, मला तर मुळीच वाटलं नाही, की या बाईला नंबर आहे. घरी परतताना आपण केवढं पुण्यकर्म केलं या समाधानात मी नागोठण्याला उतरून दोन वडे जास्त खाल्ले.

तेव्हापासून आत्या रोह्याला विजेचं बिल भरायला बसली की तिचा ओटीपी पेणला माझ्या खिशात येऊन पडे. मग तिचा फोन. "सांग लवकर, तीन मिनटं हायत." माझा गणपतीचा कारखाना; आषाढ-श्रावणात माझे दोन्ही हात कोपरापर्यंत रंगात. रंगलेला अंगठा माझा फोन ओळखत नाही. मी अंगठा लुंगीला पुसतो, फोन तरी ओळखत नाही, तोवर एक मिनिट गेलं. मी आकडे वाचतो, सहाच्या जागी नऊ सांगतो, आत्याचा व्यवहार फुकट जातो आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून. पुढे पुढे माझ्या कारागिरांनाच सवय झाली. कोणीतरी माझ्या खिशातून फोन काढायचा आणि गणपतीच्या रांगेतून खड्या आवाजात ओटीपी पुकारायचा. आत्याने गॅस कधी मागवला, चपला कधी घेतल्या, कोणत्या डॉक्टरची वेळ घेतली, हे माझ्या कारखान्यात लंबोदरासकट सगळ्यांना ठाऊक असे. आत्याला माझ्या मुलीच्या वाढदिवसाला गुपचूप काहीतरी पाठवायचं होतं. "तुला कळू द्यायचं नाय तर ते तुलाच इचारायचं," ती म्हणाली. मी खूप हसलो. ती हसली नव्हती, हे मला आता आठवतं.

मग यंदा बँकेचा निरोप आला की महिनाअखेरीपर्यंत केवायसी नव्याने करा, नाहीतर खातं थांबेल. ॲपने आत्याला सांगितलं, चेहरा चौकटीत आणा. तो तिने आणला, कसा ते तीच जाणे. मग ॲप म्हणालं, आपण जिवंत आहात हे सिद्ध करण्यासाठी डोळे मिचकावा. आत्याने दिवसभरात अकरा वेळा प्रयत्न केला आणि अकराही वेळा ती जिवंत नसल्याचं निष्पन्न झालं.

आमच्या खानदानाला याहून चांगली संधी मिळाली नसती. रविवारी आम्ही चौघेजण तिच्या ओट्यावर जमलो. मी मोठा भाचा, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे. मी म्हटलं, "आत्या, खात्यात माझं नाव घालू, सह्या मी करीन. आणि आता तू पेणला चल. खालची खोली रिकामीच आहे. एकटीला जमत नाही आता, हे कबूल करायला काय हरकत आहे?" आत्याने हातातला फोन ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "जमत कोणाला नाय? मला, का त्या फोनला?" तिने स्वतःच पुढे ठरवून टाकलं, "बरं. महिनाअखेरीपर्यंत माझं खातं माझ्या सहीनं, माझ्या नंबरावर झालं तर मी हितंच रहाणार आणि पुन्हा कोणी नाव काढायचं नाय. नाय झालं तर माझी भांडी बांध." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि पुन्हा सोडत होती. मला लाज वाटली, पण खालच्या खोलीला रंग द्यायला माणूस मी सांगून ठेवला होता तो काही परत पाठवला नाही.

महिन्याचे तीन दिवस उरले असताना आम्ही बँकेत गेलो. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, स्वभावाने गोड. तिने आत्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "यांचं नाव काय?" मी सांगितलं. "यांना सही येते की अंगठा?" मी तोंड उघडलं तेवढ्यात शेजारून कंपनीचा आवाज आला. "नमस्कार. आपल्याला कोणाशी बोलायचं आहे?" त्या मुलीने दचकून इकडेतिकडे बघितलं. "खातेदाराशी बोलायचं असल्यास त्या लाईनवरच आहेत."

मुलगी ओशाळली आणि थेट आत्याशी बोलू लागली. पण यंत्रासमोर तीही हतबल होती. "आजी, सिस्टीम घेत नाही हो. डोळे मिचकावल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही." सिस्टीम हे आपल्याकडचं नवं दैवत. तिला नवस चालत नाही, तिच्यापुढे फक्त हताश व्हायचं. आत्या घरच्या आवाजावर आली. "काय गो बाय, ही सिस्टीम नव्हती तवा माणूस जित्ता हाय का नाय ते कसं बघायचा?" मुलगी विचारात पडली. आत जाऊन मॅनेजरांना विचारून आली, आणि मग कपाटाच्या खालच्या खणातून एक कागदी फॉर्म निघाला. यंत्राला चेहरा पटला नाही तर अधिकाऱ्याने स्वतः खातेदाराला पाहून शेरा मारायचा, अशी सोय त्यात व्यवस्थित छापलेली होती. त्या फॉर्मच्या गठ्ठ्याचा दोरासुद्धा सोडलेला नव्हता. आजवर कोणी मागितलाच नव्हता.

आत्याने पिशवीतून पट्टी काढली, ओळीवर धरली आणि तिच्या काठाने सरळ, ठसठशीत सही केली. मुलीने पेन उचललं. "मोबाईल नंबर?"

आणि मी माझा नंबर सांगायला लागलो. शपथेवर सांगतो, वाईट हेतू नव्हता. इतकं सगळं डोळ्यांदेखत होऊनसुद्धा माझ्या जिभेने सवयीने पहिले दोन आकडे सांगून टाकले. आत्याने माझं मनगट धरलं. रागाने नाही, हळूच, रस्ता ओलांडताना धरते तसंच. मग तिने तिचा नंबर सांगितला, सावकाश, एकेक आकडा सुटा करून. खात्रीचा संदेश तिच्या फोनवर आला, लाह्या फुटल्या, मुलीला काहीच कळलं नाही, आणि आत्याने सहाही आकडे म्हणून दाखवले. माझा फोन माझ्या खिशात निमूट होता.

रंगाऱ्याला मी नको म्हणून कळवलं आणि खालच्या खोलीत कारखान्यातले रंगाचे डबे ठेवले.

यंदाचा हंगाम माझा शांततेत गेला. आठवड्यातून तीन-चारदा येणारा तो फोन बंद झाला. अंगठा पुसायला नको, आकडे चुकायला नकोत. पहिले आठ दिवस बरं वाटलं. मग कारागीरच विचारायला लागले, आत्या बऱ्या हायत ना? मी म्हणायचो, मजेत. मला माहीत काहीच नव्हतं. तिने काय मागवलं, कुठे गेली, पायाचं दुखणं कसं आहे, हे मला आजवर तिच्या ओटीपीतून कळत आलं होतं. इतक्या वर्षांत तिला नुसतं बोलायला म्हणून मी एकदाही फोन केला नव्हता, ही गोष्ट एका दुपारी हात रंगात असताना माझ्या ध्यानात आली आणि पुढचं काम काही धड झालं नाही.

रविवारी रोह्याला गेलो. दारातच तिने विचारलं, "काय रे, कोण आजारी हाय?" म्हटलं, "कोणी नाही." "मग काय काम काढलंस?" "काम नाही. असाच आलो." तिला ते खरं वाटेना. तिने चहा केला. मी उठून मदत करणार होतो, पण बसून राहिलो. आम्ही दोघं ओट्यावर चहा प्यायलो आणि फारसं काही बोललो नाही. निघताना ती म्हणाली, "फोन करत जा कदी."

एसटीत मी नागोठण्यापर्यंत विचार करत होतो की आत्याला फोन करून सांगायचं काय. काही सुचलं नाही. पेणला उतरल्यावर फोन लावला आणि पोचलो एवढंच सांगितलं. मला वाटलं, आता ती ठेवणार.

"अजून सांग," आत्या म्हणाली.