फर्म्यात न बसलेलं पान

माझ्या पहिल्या पुस्तकाच्या एका प्रतीमागे मला ऐंशी पैसे मिळत. पुस्तकाची किंमत आठ रुपये, लेखकाचं मानधन दहा टक्के. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवत होते, त्यामुळे हा हिशेब मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुण्याच्या प्रकाशकांनी मात्र तो दोनदा समजावून सांगितला, चहा पाजला आणि कराराचा कागद पुढे सरकवत म्हणाले, सावकाश वाचून घ्या. मी एक ओळही वाचली नाही. ज्याचा चहा प्यायचा त्याचाच कागद त्याच्यादेखत तपासत बसायचं, म्हणजे त्याला तोंडावर लबाड म्हणण्यासारखं, अशी आमच्याकडची रीत. वर मी मोठ्या ऐटीत म्हणाले, तुमच्यावर विश्वास आहे. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पुस्तक कथांचं होतं. आमच्या गावातले निम्मे पुरुष पलटणीत आणि त्यांच्या बायकांची पत्रं लिहून द्यायला लिहिता येणारी पोर मी एकटी. पत्रात जे सांगायला त्या लाजायच्या ते मी मोठेपणी कथांमधून लिहिलं. मला अक्षरं शिकवली आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी. ते स्वतः फौजेत शिकले होते, आणि सुट्टीवर आले की आधी माझी पाटी बघायचे, मग बैल. म्हणून पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी छापायला लावलं होतं: ‘हवालदार आबांना, ज्यांनी मला पाटीवर अक्षरं गिरवून दिली.’

ते पान आबांनी किती जणांना दाखवलं असेल त्याची गणती नाही. दर महिन्याला ते पेन्शनसाठी कोरेगावाकडच्या आमच्या गावाहून साताऱ्याला यायचे. एस.टी.त तिकीट काढलं की पिशवीतून पुस्तक काढून कंडक्टरला ते पान उघडून द्यायचे. कंडक्टर बदलला की पुन्हा नव्याने. दुपारी माझ्याकडे जेवून संध्याकाळच्या गाडीने परत जायचे, आणि प्रकाशकांचा वार्षिक हिशेब आला असेल तर जेवणाआधी विचारायचे, "औंदा किती खपली गं?"

पहिल्या वर्षी दोनशे चौदा. मी हिरमुसले होते, पण आबा खूश. त्यांचं गणित फौजेतलं. एका कंपनीत शंभर-सव्वाशे जवान, म्हणजे दोन कंपन्या तुझं पुस्तक वाचून गेल्या, असं म्हणून त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. दुसऱ्या वर्षी सदुसष्ट. तेव्हा त्यांनी बोटांवर मोजलं आणि तीस-पस्तीस जवानांच्या दोन प्लाटुनी म्हणाले. तिसऱ्या वर्षी एकतीस. मी ताट वाढून ठेवलं होतं. आबा बराच वेळ भाताकडे बघत राहिले.

"माजं नाव घातलंस म्हणून तर न्हाई ना खपलं, पोरी?"

काहीतरीच काय बोलता, असं मी म्हणाले. पण मी ते कसं म्हणाले हे मला ठाऊक आहे. माझ्या आवाजात दम नव्हता, कारण पुस्तक पडलं हे मीही कबूल करून बसले होते. त्यानंतर पिशवीतून पुस्तक निघालं नाही. हिवाळ्यात आबा गेले. मागे त्यांची ट्रंक आवरताना पुस्तक गणवेशाच्या घडीखाली सापडलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधलेलं. लपवून ठेवल्यासारखं.

दुसरं पुस्तक मी स्वतःच छापायचं ठरवलं ते थोडं रागाने आणि थोडं लाजेने. पडलेल्या लेखिकेने पुन्हा कुणाच्या दारात जायचं? धाकटी बहीण माधवनगरला राहायची, तिच्या ओळखीने सांगलीतला एक छापखाना मिळाला. शिक्षकांच्या पतपेढीतून अठराशे रुपये कर्ज काढलं आणि मे महिन्याच्या सुट्टीत बहिणीकडे मुक्काम ठोकला. कागदावर सगळं झकास दिसत होतं. पाचशे प्रती, किंमत तीच आठ रुपये. कागद, जुळणी, छपाई, बांधणी मिळून प्रतीमागे सव्वातीन. दुकानदार एक तृतीयांश कापून घेणार. तरी माझ्या हातात दोन रुपये उरत होते. कुठे ऐंशी पैसे आणि कुठे दोन रुपये! मी बहिणीला रोज रात्री तो आकडा ऐकवायची आणि ती सकाळच्या गिरणीच्या भोंग्याचं निमित्त करून झोपायला जायची.

छपाई झाली. एका कागदावर सोळा पानं छापतात, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे गठ्ठ्याने बाइंडरकडे जातात, तिथे घड्या घालून, शिवून पुस्तक तयार होतं. माझे फर्मे गेले ते एका वयस्क मुसलमान बाइंडरकडे. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. चाची आणि दोन सुना जमिनीवर बसून घड्या घालायच्या, खळ शिजवल्याचा वास भिंतींनासुद्धा लागलेला. मी माझं पुस्तक शिवताना बघायला गेले होते. नवं पोर पाळण्यात बघावं तसं.

चाचांनी बसायला एका गठ्ठ्यावर फडकं टाकून दिलं. बसता बसता शेजारच्या गठ्ठ्यावरच्या फर्म्यावर नजर गेली. त्यावरची ओळ मला पाठ होती. पुढची ओळही पाठ होती. ती माझ्या पहिल्या पुस्तकातली होती.

मला वाटलं, उन्हाने डोळे फिरले. कागद हातात घेतला. शाई ताजी, बोटाला लागत होती. टाइप वेगळा, बारीक. एकतीस प्रतींवर बंद पडलेलं माझं पुस्तक सांगलीत एका खोलीत कमरेइतकं उंच रचून ठेवलं होतं. मी लेखिका आहे हे चाचांना माहीत होतं, पण त्यांना मराठी वाचता येत नसे, त्यामुळे हे पुस्तकही माझंच हे माहीत असायचं कारण नव्हतं. मी शक्य तितक्या सरळ आवाजात विचारलं, हे कुणाचं काम.

"पुण्याचं हाय, बाई. तिसऱ्यांदा आलंया. दर खेपंला हजार. बांधून झालं की थेट मोटारीत, ग्रंथालयाची ऑर्डर असती न्हवं."

ते सुईत दोरा ओवत होते, त्यांनी वरही पाहिलं नाही. तीन हजार. पहिली खेप कधीची म्हणून विचारलं तर त्यांनी सुनेच्या लग्नाचा हिशेब लावून सांगितलं. ती आबा असतानाची होती. आबा भाताकडे बघत बसले होते तेव्हा माझं पुस्तक हजारांनी मोटारीत चढत होतं.

मी पहिला फर्मा शोधून काढला. नावाचं पान होतं. ते उलटलं की एकदम पहिली कथा. पुन्हा उलटलं. मधलं पान नव्हतं. आबांचं पान कुठे गेलं, असं मी मोठ्याने म्हणाले बहुतेक, कारण घड्या घालणारे हात थांबले. मग सगळं सांगावंच लागलं. चाचांनी सुई खाली ठेवली. ते छापणाऱ्याच्या बाजूने बोलले नाहीत, पण कामाची रीत त्यांनी समजावून सांगितली. बारीक टाइपात पुस्तक बरोबर दहा फर्म्यांत बसतं. वर दोन पानं निघाली तर तेवढ्यासाठी कागदही जादा आणि घडीही जादा, म्हणून पहिल्यांदा कोरी पानं काढतात आणि मग हे असलं. ‘हे असलं’ म्हणताना ते ओशाळले. चाचीने आतून पाणी आणून दिलं.

तोच फर्मा घडी करून पर्समध्ये घातला आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरली. वाटेत काय काय बोलायचं ते घोकत होते. चोर हा शब्द मी तीन ठिकाणी घातला होता. प्रकाशक फर्मा बघून दचकतील, उडवाउडवी करतील, अशी माझी तयारी होती. ते दचकलेच नाहीत. त्यांनी पंखा वाढवला, चहा सांगितला आणि कपाटातून करार काढून माझ्यापुढे उलगडला.

"ग्रंथालयांना घाऊक दिलेल्या प्रतींवर मानधन नाही, बाई. कलम तुमच्या सहीच्या वरच आहे."

खरंच होतं. वर कलम, खाली माझी वळणदार सही. चोरी झाली असती तर भांडता आलं असतं. इथे दार मीच उघडून दिलं होतं, वर विश्वास आहे म्हणाले होते. निदान पुस्तक वाचलं जातंय एवढं कळवायचंत, असं मी म्हणाले, तर ते म्हणाले की मानधनाच्या पत्रकात मानधनाच्याच प्रती दाखवायची पद्धत असते. अगदी समजावणीच्या सुरात. त्यांच्या लेखी ते सभ्यपणे वागत होते, आणि मला त्याचाच जास्त धक्का बसला. शेवटी मी अर्पणपत्रिकेचं विचारलं.

"ते पान फर्म्यात बसेना," असं म्हणून त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

या खेपेला मी चहा घेतला नाही. एवढीच माझी मर्दुमकी.

परतीच्या गाडीत पैशाचा विचार आलाच. तीन हजार गुणिले ऐंशी पैसे, चोवीसशे रुपये. पतपेढीचं कर्ज काढायची गरजच नव्हती. पण शिरवळ मागे पडेपर्यंत तो आकडा डोक्यातून गेला आणि दुसराच आला. मानधनाच्या तीनशे बारा, ग्रंथालयांच्या तीन हजार. तीन हजार तीनशे बारा. आबांनी पलटणीत आठशे माणूस धरलं असतं. मी पर्समधला तोच फर्मा काढून त्याच्या कोऱ्या कडेला भागाकार केला. शेजारच्या बाईने माझे भरलेले डोळे बघून विचारलं, काय झालं हो, कुणी गेलं का. मी हो म्हणाले.

साताऱ्याला न उतरता तशीच सांगलीला गेले आणि चाचांना म्हणाले, माझी पुस्तकं शिवू नका, एक पान वाढवायचंय. त्यांनी जीभ चावली. निम्मी शिवून झाली होती. आता पान फर्म्यात घालता येणार नाही, सुटं छापून प्रत्येक प्रतीत कडेला खळ लावून चिकटवावं लागेल, पाचशे वेळा, हाताने. मजुरी किती विचारलं तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. छापखान्यात ते पान माझ्यासमोर जुळवलं. दोन दिवस चाची, दोन्ही सुना आणि मी खाली बसून पानं चिकटवत होतो. बहिणीकडे येऊन जेवताना बोटांना खळीचा वास यायचा.

स्वतः छापण्याच्या कमाईचं सांगायचं तर तोही एक धक्काच. पाचशेतल्या साठ प्रती सप्रेम भेट गेल्या, कारण ओळखीच्या माणसाने लेखिकेचं पुस्तक विकत घ्यायचं हे आमच्या दोन्ही जिल्ह्यांत अपमानाचं समजतात. बाकीच्या मी पिशवीत घालून कराड, विटा, इस्लामपूर करत विकल्या. अडीच वर्षांनी कर्ज, व्याज, गाडीभाडं वजा जाता हातात दोनशेच्या आत उरले. प्रतीमागे चाळीस पैसेही नाहीत. प्रकाशक देत त्याच्या निम्मे. हे मी बहिणीला आजवर सांगितलेलं नाही.

पण त्या पाचशेतल्या प्रत्येक प्रतीत ते पान आहे. पुष्कळ वाचकांनी पत्र लिहून विचारलं की हा काय प्रकार, छपाईची चूक आहे का. मी कुणालाही उत्तर दिलं नाही. ‘औंदा किती खपली’ असं ज्यांनी विचारलं होतं, त्यांनाच ते उत्तर होतं.

‘आबांना. चार पलटणी आणि वर एक कंपनी.’