अण्णांची ग्रीनलंडमधली जमीन

मंडळी, हसून हसून पोट दुखतंय, म्हणून लगेच लिहायला बसले.

माझे वडील, म्हणजे अण्णा, निफाड तालुक्यात सरकारी मोजणीदार होते. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि बांधाच्या भांडणात दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. तरी नकाशांचं वेड काही गेलं नाही. म्हणून आज वाढदिवसाला त्यांना ग्रीनलंडच्या किनाऱ्याचा खूप जुना नकाशा दिला. इंटरनेटवर सापडला, तो मोठा छापून घेतला. छापणारा दादा म्हणतो, "ताई, कुठल्या शिवारातला हा?"

अण्णा भिंग घेऊनच बसले. डोंगरांच्या उंचीच्या रेषा, खाड्या, हिमनद्या, सगळ्यांवरून बोट फिरवलं. मधला मोठा भाग मात्र कोराच होता. मी म्हटलं, "तिथपर्यंत तेव्हा कुणी मोजायला पोचलं नव्हतं."

"मग बरोबर केलं त्यांनी," अण्णा खूश. "न बघता रेघ ओढायची नसते."

आणि मग एकदम ओरडलेच, "अगं, एवढ्या मुलखात एकसुद्धा बांध नाही!"

संध्याकाळी शेजारचे काका आले. त्यांची द्राक्षबाग आहे, त्यामुळे नकाशा दिसला की त्यांना जमीनच आठवते. "अण्णा, कुठं घेतली? पाणी हाय का?"

अण्णा अगदी गंभीर. "भरपूर. पण गोठलेलं आहे. आणि बांधाला भांडण नाही."

काकांनी खुर्ची जवळ ओढली. "मंग आपल्यालाबी बघा ना एखादा तुकडा!"

तुमच्यापैकी आणखी कुणाला हवाय का? अण्णा स्वतः येऊन मोजून देणार आहेत.