गाडीत न गेलेला लॉगर

शुभदाताईंचं नाव आधी घेते. बाकीचं नंतर. बाकीचं लिहायला लागले की हात अडखळेल, आणि मग त्यांचं नावच राहून जाईल — अशी भीती वाटते. मला कशाचीही भीती वाटते, ते पुढे कळेलच.

शुभदाताई नसत्या तर मी इकडे टिकले नसते. हे मी सगळ्यांना सांगते, अगदी न विचारता सांगते. पण त्याच्या पुढचं जे आहे ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. गावी आईला तर नाहीच, तिला फोनवर फक्त "सगळं बरं आहे" एवढंच सांगते. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

माझी शाळा नववीत सुटली. गाव जिंतूरकडचं. लग्न झालं आणि नवऱ्याला दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात काम लागलं म्हणून आलो. एक खोली, वर पत्रा. नवरा सकाळी कंपनीच्या बसनं जायचा, मुलगी शाळेत, आणि मी आपली एकटी. भोवती सगळी हरियाणवी बोलणारी माणसं — समोरचा रागावलाय की मायेनं बोलतोय हेच मला कित्येक महिने कळत नव्हतं. भाजी चिरताना मी स्वतःशी मराठीत बोलायची. मोठ्यानं. हसू नका, आवाज विसरू नये म्हणून.

ताई भेटल्या त्या दिल्लीत, सरोजिनी नगरच्या बाजारात. थंडी सुरू होत होती, मुलीला स्वेटर घ्यायचा होता. एक लाल स्वेटर तिनं धरूनच ठेवला. मी म्हणाले, "ठेव तो. पहिल्या धुण्यात उसवेल." मागून कुणीतरी हसलं. "बरोब्बर ओळखलंत हो! माझा मागच्या वर्षी उसवला." वळून बघितलं तर खांद्याला ऑफिसची बॅग लावलेल्या एक बाई. त्या दुकानातच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वेटरवरून कुणी रडतं का? ताईंनी काही विचारलं नाही. जवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचं घर होतं, तिथं नेलं, पोहे केले. मुलीला म्हणाल्या, "अजून घे गं, लाजतेस काय."

त्या मूळच्या पुण्याच्या. मानेसरच्या, गावोगावी औषधं पाठवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीच्या मॅडम होत्या. त्यांनीच मला तिथं पॅकिंगला लावलं. मी म्हटलं, ताई, माझं शिक्षण नाही. तर म्हणाल्या, "वाचता येतं ना? चलो, बाकी मी शिकवते." आणि शिकवलं. कॉम्प्युटर सुरू करण्यापासून. माझ्या शेजारी काम करणारी कमलेश मला चिडवायची, "ऐ मराठन, तेरी मैडम तो तुझे गोद ही ले लेगी!" मला ते चिडवणं आवडायचं.

आता काम सांगते, त्याशिवाय माझं पाप तुम्हाला कळणार नाही.

इन्सुलिनसारखी औषधं थंड राहावी लागतात. दोन ते आठ डिग्री. खोक्यात बर्फाच्या पिशव्या रचायच्या, औषध ठेवायचं, आणि मधोमध एक काडेपेटीएवढं यंत्र ठेवायचं — त्याला लॉगर म्हणतात. वाटभर ते आतलं तापमान आपोआप टिपत राहतं. खोकी रिकामी होऊन परत आली की त्यातला लॉगर काढून कॉम्प्युटरला लावायचा, मग त्यातून फाइल निघते. ती फाइल कुणाला बदलता येत नाही. एक आकडा जरी हलवला तरी कॉम्प्युटर लगेच सांगतो, हिला हात लागलाय. ताई प्रत्येक फाइल तपासायच्या, सही करायच्या, मग ती गिऱ्हाइकाकडे, म्हणजे औषध बनवणाऱ्या कंपनीकडे जायची.

ताई म्हणायच्या, मला दोन गोष्टी बघायच्या असतात. एक, फाइल जशी निघाली तशीच आहे का. दुसरी, ती त्याच खोक्यातून आलेली आहे का. पहिली कॉम्प्युटर सांगतो. आणि दुसरी? दुसरी संगीता सांगते.

संगीता म्हणजे मी. खोकं बंद करताना मी स्क्रीनवर एका चौकोनात टिक करायची — लॉगर आत ठेवला. बस. एवढ्या मोठ्या कंपनीत ती गोष्ट माझ्या एका टिकवर उभी होती.

पहिल्यांदा झालं ते खरंच चुकून. गाडी निघून गेली, आणि टेबल पुसताना फडक्याखाली लॉगर. टिक तर केलेली. ताईंकडे जायला हवं होतं, दहा पावलांवर त्यांची केबिन. गेले नाही. काढून टाकतील, असं वाटलं. परत ती खोली, परत तो पत्रा, परत भाजीशी बोलणं. मी तो लॉगर घेतला आणि चहाच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये, डब्यांच्या मागे ठेवून दिला. मला वाटलं — आता लिहितानाही लाज वाटते — मला वाटलं, तिथंही दोन ते आठच आहे ना? थंड ते थंड. खोकी परत आल्यावर लॉगर लावला, तर फाइल अगदी सुरेख निघाली. ताईंनी सही केली. जिवात जीव आला.

इथं थांबले असते तर ती चूक म्हटली असती. थांबले नाही.

त्याच्या आधी एकदा माझ्या खोक्यातला लॉगर लाल दिवा घेऊन परत आला होता, म्हणजे वाटेत तापमान आठच्या वर गेलेलं. सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला होता, बर्फ कुणी रचला, अनपढ औरतें भर ली हैं. तेव्हापासून उन्हाळ्यातल्या लांबच्या गाडीचं नाव काढलं की मी बर्फ दोनदोनदा रचून बघायची. आणि आता मला उपाय सापडला होता. लांबची गाडी असली की लॉगर फ्रिजमध्ये. टिक करायची, आणि लॉगर ॲप्रनच्या खिशात. लाल दिवा नाही, ओरडा नाही. घेणारे लोक औषध काढून रिकामी खोकी ड्रायव्हरकडे द्यायचे, आत काय आहे काय नाही कोण बघतंय? एकदा नाही, दोनदा नाही. उन्हाळाभर. माझ्या फाइली इतक्या चांगल्या यायच्या की ताईंनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. बघा, म्हणाल्या, नववी शिकलेली बाई आहे. मी मान खाली घालून हसले. त्यांना वाटलं लाजतेय.

खोक्यात मात्र काय होत होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या दिवसांत मी ह्याचा विचारच केला नाही. बाहेर लू, तो भाजून काढणारा वारा, सुटलेली, गाडी कुठंतरी टोलवर उभी, आत बर्फ वितळलेला असेल, नसेल — आणि तिकडं कुणीतरी ते औषध रोज स्वतःला टोचून घेणार. कुणी म्हातारी. कुणी माझ्या मुलीएवढं पोर. कुणाला काही झालं का? मला माहीत नाही. कधीच कळणार नाही.

मग हिसारहून, गाडीच्या चार-पाच दिवसांच्या फेरीतल्या शेवटच्या गावाहून, तक्रार आली. तिथल्या फार्मासिस्टनं खोकं उघडलं तर पिशव्या कोमट. त्यानं औषध घेतलंच नाही, सगळं परत पाठवलं. आणि वर म्हणाला, आत लॉगरही नव्हता. इकडे तर त्या खोक्याची फाइल आमच्याकडे होती, एकदम साफ.

ताईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. हिंदीत नाही, मराठीत बोलल्या. "संगीता, तो म्हणतोय लॉगर नव्हता. तू ठेवला होतास ना?"

"हो ताई."

"नीट आठवून सांग. विसरली असशील तरी चालेल. मी आहे."

मी आहे, असं म्हणाल्या. ह्याहून सोपं कुणी काय करून देईल? दार बंद होतं, भाषा आपली होती, समोर रागही नव्हता. आणि मी म्हणाले, "मुलीची शपथ, ताई. त्यांनीच बघितलं नसेल."

मुलीची. 

ताईंनी मान हलवली. त्याच दिवशी त्यांनी गिऱ्हाइकाला लिहिलं, की फाइलमध्ये काहीही फेरफार नाही आणि ती त्याच खोक्याची आहे, ह्याची जबाबदारी मी घेते. खाली नाव.

गिऱ्हाइकाचा तपासनीस आला तो थोड्या दिवसांनी. म्हाताराच होता, चष्मा दोरीला बांधलेला. त्यानं त्या उन्हाळ्यातल्या फाइलींचे आलेख काढून टेबलावर पसरले. आम्हा पॅकिंगवाल्यांना काचेच्या खोलीत भिंतीशी उभं केलं होतं. तो चिडला नव्हता, उलट मजेत होता. "मैडम, फाइल तो असली है, मान गए. किसी ने छुआ नहीं. पर ये बताइए, आपकी गाड़ी रोज़ दोपहर को खाना खाती है क्या?"

आलेखात रोज दुपारी रेघ थोडी वर चढायची आणि परत उतरायची. जेवणाच्या सुट्टीत. सगळे आपापले डबे काढायला फ्रिज उघडायचे तेव्हा. "और इतवार को," तो म्हणाला, "इतवार को तो भूखी ही रह जाती है." रविवारी रेघ सरळ होती. ऑफिस बंद असायचं ना.

कमलेशला हसू आलं, तिनं ओढणी तोंडाला लावली. ताई नाही हसल्या. त्यांनी आलेख उचलला, बराच वेळ बघितला. मग वर बघितलं — माझ्याकडे. तेवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तपासनीसानं विचारलं, "लॉगर कौन डालता है?"

आता बोल, आता बोल — माझं मन सांगत होतं. जीभ टाळूला चिकटली होती, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. खोटं आहे ते. जीभ मोकळी होती. मला बोलायचं नव्हतं.

ताई म्हणाल्या, "टेबल पर चार औरतें हैं. किसी एक का नाम मैं नहीं लूँगी. जाँचना मेरा काम था. मेरे दस्तख़त के बिना फाइल बाहर नहीं जाती."

टिक कुणाची होती ते, खोकं कुणी भरलं त्या वहीवरून, शोधणं अवघड नव्हतं. पण टेबलावरचा कॉम्प्युटर आम्ही चौघी एकाच नावानं उघडायचो, सगळीकडे तसंच चालतं, आणि मग कुणी शोधलंही नाही. मोठं नाव हाती लागलं होतं, छोटं कशाला शोधतील? ताईंना राजीनामा द्यायला सांगितलं. त्या महिन्याअखेर त्या गेल्या. जाताना टेबलापाशी आल्या, चौघींना नमस्कार केला. मला म्हणाल्या, "नोकरी सोडू नकोस. मुलीची शाळा बघ." आणि गेटकडे चालू लागल्या. मी मागं गेले नाही.

माझी नोकरी राहिली. नंतर बढतीही झाली. नव्या बायकांना लॉगर कसा ठेवायचा ते आता मीच शिकवते. ओरडत नाही. विसरला असेल तर लगेच सांगा, म्हणते. त्या सांगतातही. आणि त्या सांगतात तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटायला हवं, तर मला त्यांचा राग येतो. हेही लिहूनच टाकते.

ताई पुण्याला परत गेल्या. त्या व्यवसायात त्यांना पुन्हा तशी जागा मिळाली नाही. जिथं जातील तिथून आमच्या कंपनीला फोन येतो, आणि फोनवर सांगतात की ह्यांनी खोट्या फाइलींवर सही केली. आता एका दवाखान्यात नोंदणीचं काम करतात. हे त्यांनीच सांगितलं, दिवाळीच्या फोनवर, कसलंही गाऱ्हाणं नसल्यासारखं. दर दिवाळीला त्याच फोन करतात. "मराठी बोलायला मिळतं का गं?" विचारतात. मी म्हणते, तुमचा फोन आला की.

त्यांना माहीत आहे का? आहे. त्या नजरेनंतर मी कशाला फसवू स्वतःला. पण त्यांनी माझ्या तोंडून ते कधी ऐकलेलं नाही. आणि त्यांना माहीत असून उपयोग काय? माहीत नाही ते आमच्या कंपनीला.

मी घाबरट होते म्हणून असं झालं, असं कुणी म्हणेल. घाबरट तर कमलेशही होती. तिनं कधी लॉगर फ्रिजमध्ये ठेवला नाही.

आता ताईंचा राजीनामा घेणाऱ्या साहेबांच्या नावे एक अर्ज लिहायचा आहे. त्या उन्हाळ्यात लॉगर मी फ्रिजमध्ये ठेवत होते, मी खोटी शपथ घेतली, शुभदा मॅडमना काहीही माहीत नव्हतं. कुणाचा फोन आला तर हे सांगा. खाली माझं पूर्ण नाव. मुलीची बारावी झाली की — नाही. मुलीला ह्यात परत ओढायला नको.

ताई, तुमच्या नावाला लागलेला डाग माझा आहे. तो मी तुमच्यावरून काढून स्वतःवर घेईन. पुण्याला येऊन, तुमच्या दारात उभं राहून, माझ्या तोंडानं सांगेन. आज नाही सांगितलं. पण सांगेन.